माडाच्या आळ्यातलं मीठ

कुवेतमध्ये नारळाचं झाड लावायला निघालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तशी हौशी माणसं त्या काळी तिथे कमी नव्हती. कुणी गच्चीवर तुळस जगवायला बघे, कुणी पत्र्याच्या डब्यात कढीपत्ता लावी आणि पहिल्याच उन्हाळ्यात तो वाळला की महिनाभर हळहळत बसे. पण ही सगळी कुंडीतली हौस. कासमभायना माड हवा होता तो जमिनीत, अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबून दिसेल असा. आणि तोही फैलका बेटावर, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे.

फैलका म्हणजे समुद्रात तरंगणारी एक चपटी भाकरी. पांढरट माती, थोडे खजूर, मातीच्या भिंतींचं एक गाव, कोळ्यांच्या होड्या आणि बकऱ्या. बकऱ्या फार. मी मूळचा पुण्याचा. मीना अल-अहमदीला विजेच्या कामावर होतो. बेटावर पहिलं वीजघर बसलं तेव्हा माझी तिथे रवानगी झाली. आमच्या अगोदर त्या बेटावर बाहेरून येऊन राहिलेला हिंदुस्थानी माणूस एकच होता, कासमभाय. शहरातून डिझेलची पिंपं आणि गोडं पाणी घेऊन येणारी लाँच तेच चालवायचे. समुद्र खवळला आणि लाँच आली नाही, तर आमचा जनरेटरही बंद आणि आंघोळही बंद. त्यामुळे बेटावरच्या साहेबापेक्षा आम्ही त्यांनाच जास्त सांभाळून असायचो.

ते बाणकोटच्या खाडीकाठचे. पोरवयात गलबतावर चढले, बसरा, मस्कत, बहारीन सगळीकडे फिरले आणि एका फेरीत आजारी पडले म्हणून त्यांना फैलक्यावर उतरवलं गेलं. गलबत पुढे गेलं, हे मागे राहिले. बरे झाले तेव्हा बेट आवडलेलं होतं. का आवडलं, असं मी विचारलं तर म्हणाले, इथून चारी बाजूंनी निघता येतं. निघता येतं म्हणून राहायचं, हा न्याय मला तेव्हा कळला नाही. आताही पुरता कळलाय असं नाही.

अंगाने ते सडसडीत, रंगाने उन्हात तावलेले. गोष्ट सांगण्याआधीच हसायला लागायचे, त्यामुळे गोष्ट संपेपर्यंत ऐकणाऱ्याचं हसू शिळं व्हायचं. कुठलाही पदार्थ तोंडात घालण्याआधी हुंगायचे, चहासुद्धा. फुटक्या गलबताच्या फळ्यांचं त्यांनी घर बांधलं होतं आणि त्याला चांगलं उतरतं छप्पर केलं होतं. बेटावरची सगळी घरं सपाट छपराची. तिथे पाऊस पडून पडून किती पडणार? मी म्हटलं, कासमभाय, हे छप्पर कुणासाठी? तर म्हणाले, घर म्हटला की त्याला पाखा पायजे, नायतर ती पेटी. त्या घराला आणि भोवतालच्या रिकाम्या तुकड्याला ते ‘माजी वाडी’ म्हणायचे. वाडीत झाड एकही नव्हतं.

रांधायचे मात्र सुरेख. शहरातून तांदूळ आणून भाकरी थापायचे आणि ताज्या पापलेटाचं कालवण करायचे. ते आम्ही बोटं चाटून संपवायचो, आणि ते स्वतः मात्र पहिल्या घासाला तोंड वाकडं करायचे. बाजारात मिळणारं सुकं खोबरं त्यांच्या मते खोबरं नव्हतंच, तो खोबऱ्याचा मुर्दा. ओल्या नारळाशिवाय कालवण म्हणजे गरम पाणी.

आता या माडाच्या खटाटोपाचं मूळ. कासमभायची बायको हलीमाबी बाणकोटला. मूलबाळ नव्हतं. दोन-तीन वर्षांनी हे गावी जायचे, चार महिने राहायचे, परत यायचे. बेटावर घर बांधून झालं तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, आता चल. ती लगेच नाही म्हणाली नाही. तिने एक अट घातली. तिचे शब्द कासमभाय आम्हाला अगदी तिच्या सुरात ऐकवायचे. “माड असला तर मानूस उपाशी मरत नाय. ज्या जाग्याला माड नाय, तिथं मी येनार नाय. माड लाव, तो लागू दे, मग बलव.”

दुसरा कोणी असता तर भांडला असता, किंवा दरडावून घेऊन आला असता. कासमभायनी परत येताना गलबतात कोंब आलेले नारळ घातले.

मी बेटावर गेलो तेव्हा या प्रयोगाला काही वर्षं होऊन गेली होती. वाडीत जागोजाग खड्डे होते आणि त्यांत करपलेली खुंटं उभी. मी पहिल्या दिवशी भाबडेपणाने म्हणालो, “ही मेली वाटतं सगळी.” ते गंभीर झाले. म्हणाले, “मेली कनाला म्हनतोस, पुनेकर? गावाला गेली.” त्यांचा माड कधी मरायचाच नाही. थंडीने करपला, गावाला गेला. मुळं कुजली, गावाला गेला. गावाला जाणं हे त्या बेटावर आम्हा सगळ्यांना हवं असलेलं सुख होतं, त्यामुळे पुढे आम्हीही तसंच म्हणू लागलो.

खड्डा करायची त्यांची पद्धत ठरलेली होती. कमरेइतकं खोल खणायचं, तळाशी राख, त्यावर सुक्या मासळीचं कुटार, म्हणजे डोकी-काट्यांचा चुरा, आणि त्यावर ओंजळभर जाडं मीठ. कोकणात तसं करतात. तिथे धो धो पावसात सगळं धुऊन जातं, लाल मातीत मिठाचा अंश राहत नाही, तेव्हा माडाला वरून मीठ द्यावं लागतं. इथे फैलक्यावर जमीनच मिठाची. सकाळी चप्पल उचलली तर तळाला पांढरी साय. त्या जमिनीत हा माणूस मुंबईहून आलेलं जाडं मीठ बाजारातून विकत आणून घालत होता. मीठ नको, असं मी एकदा सुचवलं, तर माझ्याकडे त्यांनी फार दयेने पाहिलं. बाप, आजा, पणजा सगळे घालत आले. माडाला मीठ लागतंच. पुण्याला माड असतात काय?

पुण्याला माड असतात, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

या खड्ड्यांमुळे एकदा मोठी गंमत झाली. त्या सुमारास बेटावर जुन्या वस्तीचं उत्खनन चाललं होतं. परदेशातून गोरी माणसं आली होती, ब्रशाने माती झाडायची आणि खापरं धुऊन उन्हात मांडायची. कासमभायनी आपले काही जुने खड्डे बुजवून टाकले होते, त्यांतला एक वाडीच्या हद्दीबाहेर, उत्खननाच्या अंगाला येत होता. तो त्या लोकांना लागला. आत राखेचा थर, त्यावर माशांचे काटे, त्यावर मिठाचा पापुद्रा आणि मधोमध नारळाची करवंटी. त्यांच्यात एकच धावपळ उडाली. खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या, फोटो काढले, एक म्हातारा साहेब पालथा पडून करवंटीवर फुंकर घालत बसला. पुरातन काळी इथल्या समुद्रदेवाला काही तरी वाहिलेलं असावं, असं त्यांच्यात चाललं होतं म्हणे. कासमभाय सकाळभर शेजारी उकिडवे बसून बघत होते. शेवटी दुपारी त्यांनी आमच्या फोरमनला गाठून सांगितलं आणि फोरमनने त्या म्हाताऱ्या साहेबाला सांगितलं. साहेब भला माणूस, पोट धरून हसला. मी कासमभायना विचारलं, तुम्ही सकाळीच का नाही बोललात?

“मला वाटला, याचीबी बायको येनार हाय,” ते म्हणाले.

आणि हे सांगताना ते आधी हसले नव्हते.

मिठाचा प्रश्न शेवटी सोडवला तो उम्म सालेमने. ही त्यांची शेजारीण, बेटावरची जुनी अरब बाई, विधवा, जिभेने फटकळ. निम्म्या गावाच्या बकऱ्या तिच्याच होत्या. कासमभाय आजारी पडून बेटावर उतरले तेव्हा हिनेच त्यांना खजूर आणि ताक देऊन उभं केलं होतं, त्यामुळे तिचा त्यांच्यावर हक्क चाले. एक दिवस नवा खड्डा होत असताना ती आली, तळाची चिमूटभर माती उचलली आणि कासमभायना म्हणाली, तोंड उघड. उघडलं. तिने माती जिभेवर ठेवली. मग त्यांच्याच पिशवीतलं मीठ चिमूटभर ठेवलं. म्हणाली, यात काय फरक आहे ते सांग, नाहीतर या गरीब झाडांना छळणं सोड. कासमभाय थुंकले, चूळ भरली, मीठ पुन्हा पिशवीत भरून ठेवलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. बापजाद्यांची गोष्ट खोटी पडली की माणसाला सुतक आल्यासारखं होतं.

तो माड मिठाशिवाय लावला गेला. गोड्या पाण्याचा प्रश्न होताच. लाँचमधून येणारं पाणी सगळ्यांना मोजून मिळे, झाडाला कोण देणार? कासमभायनी तोड काढली. नमाजाआधी हातपाय धुवायचे ते माडाच्या आळ्याशी उभं राहून. पाचही वेळा त्यांच्या वाट्याचं ते पाणी हातावरून, कोपरावरून, पायावरून आळ्यात उतरायचं. एरवी हा माणूस कामाच्या घाईत नमाज पुढे-मागे करणारा. माड लावल्यापासून त्यांची एक वेळ चुकली नाही. मी तसं चिडवलं तर म्हणाले, अल्लाला समजतंय कुनाचा पानी कुनाला जातंय.

भोवती मासे धरायच्या तारेच्या जुन्या पिंजऱ्यांचं कुंपण उभं केलं, बकऱ्यांसाठी. थंडी आली. जानेवारीत तिथे वायव्येचा वारा असा सुटतो की हाडं वाजतात. कासमभायकडे एक जुना लष्करी ओव्हरकोट होता, पितळी बटणांचा, गुडघ्याखालपर्यंत येणारा. सुकाणूवर उभं राहायचं तर तो अंगावर हवाच. एका सकाळी लाँच आली तेव्हा ते नुसत्या सदऱ्यावर, गोणपाट गुंडाळून, निळे पडलेले. कोट कुठे गेला? कोट माडाने घातला होता. बाह्या पुढे बांधलेल्या, बटणं लावलेली, कॉलर वर केलेली, आणि कॉलरमधून दोन हिरवी पानं बाहेर. लांबून एखादा रोडका शिपाई पहाऱ्याला उभा आहे असंच वाटे. सबंध बेट बघायला आलं. आम्ही हसलो खरे, पण त्या दिवसापासून आमच्यातला प्रत्येक जण कामावर जाताना वाकडी वाट करून माड बघून जायला लागला. तो जगावा असं मला मनापासून वाटायला लागलं होतं.

थंडी सरली आणि माड होता. त्याने आतून नवीन पान काढलं. कासमभायनी शहराच्या बंदरात जाऊन, गावाकडे निघालेल्या गलबताच्या तांडेलाला धरून निरोप पाठवला: माड लागला, ये. पावसाळा संपल्यावर उलट निरोप आला. शहरातल्या मिरकाब वस्तीत राहणाऱ्या एका कोकणी कुटुंबाबरोबर हलीमाबी मुंबईहून आगबोटीने निघत होती.

मग त्या माणसाला घर पुरेना. फळ्यांना रंग दिला, चूल नव्याने घातली, दाराशी समुद्रातले चपटे दगड आणून पायरी केली. आणि निघायच्या आदल्या दिवशी माडाभोवतीचे ते गंजके पिंजरे काढून टाकले. तिला माड मोकळा दिसू दे, म्हणाले. जाळीत कोंडलेला माड बघून तिला काय वाटेल?

दुसऱ्या दिवशी पहाटे ते लाँच घेऊन शहराला गेले, हलीमाबीला आणायला. निघताना आळ्याशी हातपाय धुतले. मागाहून ऊन वर यायच्या आत उम्म सालेमच्या बकऱ्यांनी माड खाल्ला. पानं तर गेलीच. मधला कोवळा कोंबही कुरतडला. माडाचा कोंब गेला की माड गेला, त्याला दुसरा फुटत नाही. उम्म सालेमने कपाळ बडवून घेतलं. तिने हातात मिळेल ते घेऊन बकऱ्या झोडपल्या, मग आमच्या वीजघराच्या दारात येऊन बसली आणि म्हणाली, माझ्या अंगणातला खजूर त्याचा, आजपासून त्याचा, तुम्ही साक्षीला राहा. खजुराने भागणार नव्हतं हे तिलाही कळत होतं.

दुपारी लाँच लागली. आम्ही सगळे धक्क्यावर होतो. कासमभाय धुतलेल्या सदऱ्यात, केसांना तेल लावलेलं, एका हातात ट्रंक. मागे हलीमाबी, ठेंगणी, सावळी, डोक्यावरून पदर, काखेत कापडात बांधलेलं काही तरी घट्ट धरलेलं. कासमभायनी आमचे चेहरे पाहिले आणि त्यांच्या तोंडावरचं सगळं उतरलं. ते तसेच चालत वाडीवर गेले. आम्हीही मागून गेलो. जायला नको होतं, पण पाय गेले.

आळ्यात वीतभर बुडखा होता. कासमभाय त्याच्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, गावाला गेला. ते तसं म्हणाले नाहीत. बायकोकडे न बघता म्हणाले, “व्हता. सकालपातुर व्हता. ह्यांना इचार.”

आम्ही सगळ्यांनी शाळेतल्या पोरांसारख्या माना हलवल्या. उम्म सालेम अरबीत काही तरी बोलत रडायला लागली. हलीमाबीने बुडख्याकडे पाहिलं, नव्या पायरीकडे पाहिलं, उतरत्या छपराकडे पाहिलं. मग ती नवऱ्याला जे म्हणाली ते आम्ही सर्वांनी ऐकलं, कारण ती खाडीच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारी बाई होती.

“मला पयल्या वरसापासना ठावं व्हता, हितं माड व्हनार नाय. गलबतावरच्या सगल्यांनी सांगितला व्हता. म्हनून तर मी माड मागितला. माड लागनार नाय, तू कटालशील नि घरला येशील, असा माजा इचार व्हता.” तिने काखेतलं गाठोडं सावरलं. “मंग तांडेल येऊन म्हनला, तुजा घोव माडाला कोट घालून सोता थंडीत उभा ऱ्हातो. आता असल्या मानसाला काय करनार? मी आली.”

इतक्या वर्षांचे खड्डे कासमभायच्या डोळ्यांसमोर आले असतील. रागावतील असं मला वाटलं, आणि रागावायला जागाही होती. पण ते हसायला लागले, नेहमीसारखे, काहीही सांगण्याआधीच. आणि सांगायला पुढे काही नव्हतं म्हणून नुसते हसतच राहिले. उम्म सालेमला कुणी तरी अर्थ सांगितला, तशी तिने पुढे होऊन हलीमाबीला कवटाळलं. या शहाण्या बाईला बकऱ्यांबद्दल नंतर काय ते सांगू, असं म्हणून आम्ही तिथून निघालो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझी बदली परत अहमदीला झाली. न्यायला खात्याची लाँच आली होती. जाण्यापूर्वी निरोप घ्यायला वाडीवर गेलो तर नवा खड्डा झालेला. हलीमाबीच्या काखेतल्या त्या गाठोड्यात कोंब आलेला नारळ होता. लागणार नाही हे ठाऊक असून तो तिने बाणकोटपासून मांडीवर आणला होता. रिकाम्या हाताने कसा येनार, असं तिचं म्हणणं. तिने राख घातली, कुटार घातलं आणि आत जाऊन कोनाड्यातली ती जुनी पिशवी घेऊन आली. कासमभायनी कधीची ठेवून दिलेली मिठाची पिशवी.

मी तोंड उघडणार एवढ्यात कासमभायनी माझ्या दंडाला हात लावला. तिने ओंजळ भरून मीठ आळ्यात सोडलं, वर चिमूटभर आणखी. म्हणाली, “माडाला मीठ लागतंच.”

“लागतंच,” कासमभाय म्हणाले.

नारळ ठेवला, माती लोटली. मला तिने भाकरी बांधून दिली, सांभाळून जा म्हणाली आणि चुलीवर काही होतं म्हणून आत गेली. मी धक्क्यावर आलो. लाँच सुटली आणि किनाऱ्याच्या कडेकडेने वळसा घेऊन वाडीसमोरून निघाली. मी हात हलवायला उभा राहिलो, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कासमभाय आळ्याशी गुडघे टेकून बसले होते. त्यांनी नारळ अलगद वर काढून बाजूला ठेवला होता आणि मिठाची माती ओंजळी-ओंजळीने उपसून सदऱ्याच्या ओच्यात भरत होते. मधेच थांबून दाराकडे बघायचे, आतून ती येत नाही ना, आणि पुन्हा उपसायला लागायचे.